स्वेद आणि तप

फिनलंडातील हेइनोला गावी १९९९ पासून एक विलक्षण स्पर्धा भरत असे. एकशे दहा अंशांपर्यंत तापविलेल्या सॉनाच्या खोलीत, धगधगत्या दगडांवर दर अर्ध्या मिनिटाला पाणी ओतले जात असता, जो सर्वांच्या मागून बाहेर पडेल तो विजयी; आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये अंतिम फेरीतील दोघांना ओढून बाहेर काढावे लागले व त्यांपैकी एक मरण पावला, तेव्हा कुठे हा प्रकार कायमचा बंद पडला. उष्णता सोसणे हेच जर पुरुषार्थाचे गमक, तर त्या मृत्यूला तप म्हणावे काय?

चार दिशांना चार अग्नी पेटवून, माथ्यावरील सूर्याला पाचवा मानून बसणाऱ्या साधकाविषयी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आदर चालत आला आहे, हे खरे. पण देहातील भूतांना पीडा देणाऱ्या घोर तपाला गीतेच्या सतराव्या अध्यायाने आसुरी ठरविले आहे, हेही तितकेच खरे. माझ्या मते या वादाचा सर्वांत सुजाण निवाडा धर्मग्रंथापेक्षा वैद्यकग्रंथात सापडतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय संपूर्ण स्वेदनाला वाहिलेला असून, त्यातील जेंताक स्वेद म्हणजे जलाशयाकाठी बांधलेले वर्तुळाकार गृह, मध्यभागी खैराच्या लाकडांनी तापविलेली मातीची भट्टी आणि भिंतीलगत सभोवार ओटा. घामाने मूर्च्छा येऊ लागली तरी ओटा सोडू नये, अशी रोग्याला ताकीद आहे. ही आज्ञा प्रथमदर्शनी हेइनोलाच्या स्पर्धेइतकीच निष्ठुर वाटते. परंतु तिचे कारण असे, की ओटा सुटल्यास भोवंडलेल्या माणसाला दार सापडणार नाही आणि प्राणावर बेतेल, आणि अंग हलके होऊन ताठरपणा गेला की त्याच ओट्याच्या आधाराने त्याने दाराशी यावे. लगेच थंड पाण्यात शिरू नये, मुहूर्तभर विसावून कोमट पाण्याने स्नान करावे, इतकी बारीक तजवीज तेथे आहे.

पूर्व फिनलंडातील २,३१५ पुरुषांचा सुमारे वीस वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत आकस्मिक हृदयमृत्यू बरेच कमी आढळले. अशा निरीक्षणाने कार्यकारणभाव सिद्ध होत नसला, तरी तो दाखला उपेक्षणीय नव्हे. उष्णतेने रक्तवाहिन्या विस्फारतात, नाडी जलद चालते, रक्तदाब उतरतो; म्हणून मद्य घेतलेल्याला तेथे घेरी येण्याचे भय अधिक. सॉनाच्या कोरड्या हवेतील ऐंशी अंश मनुष्य काही मिनिटे सोसतो, कारण वाळणारा घाम त्वचा निववितो. गळ्यापर्यंत गरम पाण्यात बुडालेल्याला ती मुभा नाही, सबब टबात चाळीस अंशांची हद्द ओलांडू नये. नित्य मद्यपी, गर्भिणी, मधुमेही यांना चरकाने स्वेदन वर्ज्य सांगितले आहे, आणि गर्भिणीने व मद्य घेतलेल्याने अशा उष्णतेपासून दूर राहावे, हे आजचे वैद्यकही बजावते.

आमच्या अकलोली-गणेशपुरीच्या उष्ण कुंडांवर भाविक वृद्ध आणि गर्भवती स्त्रियाही येतात. तेथील पायऱ्यांवर ही मनाई ठळक अक्षरांत कोरावी, आणि ज्याला वैद्याने मना केले आहे त्याने कुंडातले पाणी नुसते माथ्याला लावले तरी त्याचे तीर्थस्नान पूर्ण घडले, असे पुजाऱ्यांनी निःसंकोच सांगावे.