जिव्हेवर उरलेले नाम

आपल्याकडे ज्याला ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात, त्या पक्षाघाताने मेंदूच्या डाव्या गोलार्धाचा रक्तपुरवठा तुटला म्हणजे उजवे अंग लुळे पडते आणि पुष्कळदा वाचाही जाते. परंतु ती सर्वस्वी जातेच असे नाही, ही गोष्ट आपल्या धर्मचिंतकांनी अद्याप पुरेशी मनावर घेतलेली दिसत नाही. ज्याला पोटच्या मुलाचे नाव उच्चारता येत नाही, असा रोगी कित्येकदा जन्मभर घोकलेला मंत्र, वारांची नावे, भजनाचे चरण आणि, संकोच सोडून सांगायचे तर, शिव्यादेखील बिनचूक म्हणतो. हेतुपूर्वक वाक्य रचणारी वाणी निराळी आणि अभ्यासाने आपोआप वाहणारी निराळी, हा भेद ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज वैद्याने एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिला होता.

सातारा जिल्ह्यात गोंदवल्यास ब्रह्मचैतन्य महाराजांनी (1845–1913) ज्या त्रयोदशाक्षरी रामनामाचा प्रसार केला, ते ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या रुजले आहे, अशा घरातील एक वृद्ध कल्पावा. त्याच्यापाशी ‘राम’ एवढाच शब्द शिल्लक आहे. तहान लागली तरी राम, कूस बदलून हवी तरी राम, मुलाला हाक मारायची तरी राम. समाचारास येणारे म्हणतात, “भाग्यवान हो, सारे गेले, पण नाम राहिले!” भागवताच्या षष्ठ स्कंधातील अजामिळाने मरतेसमयी नारायण नावाच्या आपल्या मुलाला हाक मारली आणि ती देवाच्या खाती जमा झाली; येथे प्रकार उलटा, मुखी देवाचे नाव आणि हवा आहे मुलगा.

सांख्यांचे उत्तर तयारच आहे: बुद्धी, अहंकार आणि मन ही सारी प्रकृतीचीच कार्ये, पुरुष केवळ द्रष्टा; सबब मेंदूतील गुठळीने त्याचे काहीच बिघडत नाही. उत्तर तर्कदृष्ट्या निर्दोष असेल, पण मला ते अपुरे वाटते; कारण घरच्यांनी ज्याच्यावर माया केली तो उदासीन द्रष्टा नव्हता, तर जमाखर्चावरून तंडणारा, सुनेची थट्टा करणारा, अहंकारासह असलेला मनुष्य होता. आणि तो पुष्कळदा आत शाबूत असतो, बोललेले बरेचसे समजत असतो. नामाची स्तुती चालू असता पाणी मिळत नाही, म्हणून तो संतापतो किंवा रडतो, आणि त्या अश्रूंना प्रेमाश्रू समजण्याची चूक भाविकांकडून सहज होते. त्याच्या ‘राम’चा स्वर ओळखून तांब्या पुढे करणारी सूनच मला येथे खरी उपासक वाटते.

बोस्टन येथील वैद्यांनी 1973 साली सुरावर शब्द बसवून हरपलेली वाचा परत आणण्याची एक पद्धती मांडली. तिने सर्वांनाच गुण येतो असे नव्हे, तरी तंबोरे आणि इस्पितळे या दोहोंसाठी ख्यात असलेल्या मिरजेच्या मुलखात ती परकी वाटू नये. भजनाच्या चालीवर ‘मला पाणी हवे’ म्हणवून घेणे ही विटंबना होय, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु आमच्या भजनी मंडळांनी नाट्यपदांच्या आणि बोलपटांच्या चाली केव्हाच देवळात आणल्या आहेत, तेव्हा देवळातली एक चाल खाटेपाशी नेण्यास देवाची हरकत असण्याचे कारण मला दिसत नाही.