लॉकेटातील कागद

‘लॉकेट’ हा शब्द मुळात जुन्या फ्रेंच भाषेत लहानशा खिटीचा वाचक होता. दागिना मिरवावयाचा, ह्याला मात्र खिटी! १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाल्यावर त्याचे पक्षपाती त्याचे चित्र वा केस अशा डबीत बाळगीत. १८६१ मध्ये आल्बर्ट निवर्तल्यावर व्हिक्टोरिया राणीनेही त्याचे केस लॉकेटात जपले.

आपल्याकडे ताईत होता. परंतु त्यातील मंत्र वा यंत्र हे धारण करणाऱ्याच्या रक्षणासाठी. मृताचे केस गळ्यात घालणे आपल्या वाडवडिलांना अमंगळच वाटले असते. आपण अस्थीही घरात ठेवीत नाही, पाण्याला देतो. गेलेल्याला मोकळे करावे, धरून ठेवणे हा मोह, ही त्यामागील दृष्टी. बुद्धीला ती मला पटते.

तथापि एका वाटणीच्या कामात अशिलाच्या दिवंगत आईचे लॉकेट निघाले. आत, तिसऱ्या वर्षीच गेलेल्या थोरल्या मुलाचा फोटो होता. आईने तो कधी कोणास दाखविला नव्हता. सोनाराने तो काढून बाजूस ठेविला, कारण कागदाचे वजन धरीत नाहीत. (त्याचे बरोबरच होते.) किंमत दोघा भावांनी कबूल केली. ज्याच्या वाट्यास सोने आले त्याने फोटो नको म्हटले. दुसऱ्याने मागितला नाही. तो पाण्यात सोडावा की जपावा, ह्यासाठी दोघेही माझ्या तोंडाकडे पाहू लागले. दाव्यात तो विषयच नव्हता. मी तो पाकिटात घालून त्या कामाच्या कागदपत्रांत ठेविला. अजून तेथेच आहे.