दुसरी सीट

माझा थोरला चुलतभाऊ, आमचा दादा, अमेरिकेत इंजिनियर होता. रिटायर झाल्यावर तिकडं छोटं विमान उडवायचा. धंदा म्हणून नव्हे, हौस. आपल्याकडं एखादा शर्यतीची खोंडं पाळतो तसं. अशा हौशी वैमानिकाला तिथं डॉक्टरचा दाखला लागतो, चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी नवा. दादाला हार्ट अटॅक येऊन गेला. अर्जात त्यानं तो खराखरा लिहिला, आणि दाखला नामंजूर झाला.

आता गंमत बघा. २००४ साली तिथं नियम आला की दोन सीटचं हलकं विमान नुसत्या मोटारीच्या लायसनवर उडवता येईल. मात्र ज्याचा शेवटचा अर्ज नामंजूर झालाय, त्याला ती वाट बंद. दादाच्या ओळखीच्या एकाला छातीत कळ यायची. त्यानं अर्जच केला नाही. जुन्या दाखल्याची मुदत गपगुमान संपली आणि तो अजून उडतोय. दुखणं ठाऊक असेल तर उडू नये, हा नियम त्यालाही आहे. पण विचारतो कोण? खरं बोलला तो खाली बसला.

दादाला राहिलं ग्लायडर. त्याला इंजिन नसतं. दुसरं विमान दोरानं ओढून वर नेऊन सोडतं, मग तापल्या रानावरून वर येणाऱ्या हवेवर घारीसारख्या घिरट्या घालायच्या. त्याला दाखला लागत नाही. आपण धड आहोत का, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

फोनवर दादा म्हणाला, "तुला शुगर आहे. ट्रॅक्टर सोडलास का?"

नाही सोडला. लायसनला चाळिशीनंतर डॉक्टरचा फॉर्म लागतो, पण बांधाच्या आत कोण फॉर्म मागतंय? पण माझी शुगर उतरायला लागली की आधी घाम फुटतो, हात थरथरतो. मी ट्रॅक्टर बंद करून बांधावर बसतो, खिशातला गूळ खातो. आभाळात बांध नाही. आणि काळीज सांगून थांबतंच असं नाही.

"मेलो तर मी मरेन ना," दादा म्हणाला.

ते मला मान्य आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला जीव जपायचा म्हणून खुर्चीत बसवून ठेवायचं, हे मला पटत नाही. माझा बाप ऐंशीच्या वयात विहिरीत उतरायचा, आम्ही अडवलं नाही. त्यात त्याचं जगणं होतं. पण विहिरीत तो एकटा उतरायचा.

दादा नातवाला सोबत घेतो. त्या पोराला दाखल्याचं काय माहीत? आजोबा नेतात म्हणून ते बसतं. मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर कुणाला बसू देत नाही. गड्याला नाही, नातीला तर नाहीच. दादाला मी एवढंच म्हणालो, "तू उड. दुसरी सीट रिकामी ठेव."

तो म्हणाला, "नातू हट्ट करतो रे."

हट्ट माझी नातही करते.