हालचाल कुठे हवी

आज काही विकत घ्यायचं नाही, काही कसायचंही नाही. फक्त बसायचं आहे. घोड्यांवर गाडीची चासी ठेवलेली आहे, खाली एक्सल आहे, आणि दोघांना जोडणारे चार लिंक अजून जमिनीवरच आहेत. त्यांच्याजवळ बसा.

बारा एमएमचा एक बोल्ट हातात घ्या. त्याच्या डोक्यावर 8.8 असं उमटवलेलं आहे. पहिला आठ सांगतो, दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन ताण येईपर्यंत तो तुटत नाही. दुसरा आठ सांगतो, त्याच्या 80 टक्क्यांवर, म्हणजे 640 ला, तो असा ताणला जातो की परत मूळ लांबीवर येत नाही. मग 12.9 चा घ्यावा, असं मनात येईल. येऊ द्या, आणि थोडं थांबा. फार कठीण पोलादाला जस्ताचा मुलामा देताना हायड्रोजन आत शिरू शकतो, आणि असा बोल्ट न वाकता, कसलीही सूचना न देता तडकू शकतो. 8.8 चा बोल्ट बहुधा तुटण्याआधी वाकतो. वाकलेला बोल्ट दिसतो.

आता डोळे मिटा. मोहर्लीच्या फाटकातून ताडोबात शिरणाऱ्या जिप्सी आठवा. मूळ जिप्सीला पुढेही पाटे, मागेही पाटेच. पाटा वजन पेलतो आणि एक्सलही जागेवर धरतो. दोन्ही कामं एकटा करतो. तुम्ही तुमच्या गाडीचे पाटे काढून कॉइल स्प्रिंग लावायचं ठरवलंत, म्हणजे वजनाची सोय झाली, पण एक्सल धरणारं कुणी उरलं नाही. ते काम या चार लिंकांचं. चार लिंक, आठ टोकं, आठ सांधे.

श्वास सावकाश चालू द्या आणि गाडी मनातच भद्रावतीजवळच्या एखाद्या पांदणीत न्या. श्रावण आहे. काळी माती चाकाला धरून बसली आहे. डावं चाक चाकोरीत उतरलं, उजवं धुऱ्यावर चढलं. मागचा एक्सल तिरपा झाला. प्रत्येक सांध्याला थोडं वळावं लागलं, थोडं पिळावं लागलं. आता गाडी जोर लावते: खालचे लिंक दाबले जातात, वरचे ओढले जातात. ब्रेक दाबा. सगळं उलटं झालं. हे काही वेळा मनात करून पाहा, तळव्यांना तो दाब जाणवेपर्यंत.

मग स्वतःला विचारा: ही हालचाल नेमकी कुठे होते आहे?

रॉड एंड असेल तर ती पोलादी गोळ्यावर होते. गोळा सगळीकडे फिरतो, लांबीही आट्यांवर कमीजास्त करता येते. हातात घेतला की मोह होतोच. पण त्याच्या खोबणीत या भागातली कोळशाची धूळ शिरते, वर चिखल बसतो, आणि दोन्ही मिळून अस्तर घासून काढतात. पॉलियुरेथेनचा बुश, म्हणजे लिंकच्या टोकातली गादी, चिवट आहे, मात्र पिळायला नाखूश. त्याने न घेतलेला पीळ लिंक धरणाऱ्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर जातो. रबर पीळ आत घेतं. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तिथे ते लवकर म्हातारं होईल, बदलावं लागेल. तरी वावरात चालवायच्या गाडीला मी रबरच निवडेन, आणि ते रुंद घेईन.

रबर हलायचं असेल तर बोल्टने अजिबात हलता कामा नये, इथे मन थोडा वेळ टेकू द्या. बोल्ट हा खुंटा नाही. 80 ते 90 न्यूटन-मीटरला कसलेला हा बारा एमएमचा बोल्ट ब्रॅकेटचे दोन गाल बुशच्या आतल्या नळीवर सुमारे साडेतीन टनांनी आवळून धरतो. भार मुख्यतः त्या पकडीतल्या घर्षणाने जातो. पकड ढिली झाली की बोल्ट भोकात आपटू लागतो, भोक लांबट होतं, आणि मग कितीही कसलं तरी फार काळ टिकत नाही. म्हणून गाल दोन्ही बाजूंना हवेत, एकाच बाजूला नव्हे. म्हणून आटे गालाच्या भोकात यायला नकोत; तिथे बोल्टचा गुळगुळीत भाग हवा.

पकड टिकायची तर नटही ढिला होता कामा नये. मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला 2007 पासून बाहा एसएईइंडिया स्पर्धेत अभियांत्रिकीची मुलं स्वतः बांधलेल्या गाड्या आणतात. तिथल्या नियमांत सस्पेन्शनच्या नटाला स्प्रिंग वॉशर पुरत नाही, चिकटद्रवही पुरत नाही. नायलॉनच्या कड्याचा नायलॉक नट हवा किंवा पिन घातलेला खाचेचा नट, आणि नटाबाहेर निदान दोन आटे दिसायला हवेत. हा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण तो डोळ्यांनी तपासता येतो.

ही गाडी वावरातलीच राहू द्या. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम नोंदलेल्या वाहनाच्या रचनेत मनाजोगे बदल करू देत नाही, आणि रस्त्यावर इतरांचाही जीव असतो.

डोळे उघडा. उद्या लिंक चढवाल तेव्हा सगळे बोल्ट आधी नुसते हाताने लावा. गाडी घोड्यांवरून उतरवा, चाकांवर उभी करा, थोडी हलवून बसू द्या, आणि मगच कसा. एक्सल लोंबकळत असताना कसलं तर रबर उभ्या गाडीतही कायम पिळलेलं राहील आणि लवकर फाटेल. कसून झालं की नटापासून ब्रॅकेटपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढा. पहिल्या फेरीनंतर आठही रेघा पाहा. एखादी तुटलेली दिसली तर तो सांधा नुसता पुन्हा कसू नका. उघडा, नळी आणि भोक तपासा, नवा नायलॉक नट लावा.