अटन आणि परतीची गाडी

तीर्थाला वाहनाने गेल्यास यात्रेचे फळ घटते काय, हा धर्मशास्त्रातला जुना प्रश्न आहे. निबंधकारांनी, म्हणजे स्मृती-पुराणांतली वचने विषयवार लावून त्यांचा निर्णय करणाऱ्या ग्रंथकारांनी, त्याला जवळजवळ हिशेबी उत्तर दिले आहे: वाहनाने अर्धे फळ जाते, छत्री आणि पादत्राणे आणखी काही भाग नेतात, आणि वाटेत व्यापार केला तर त्याहूनही अधिक जाते. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासातील १९५३ सालच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेचा विस्तृत विचार आहे, आणि तो वाचताना क्लेश हेच पुण्याचे माप मानण्याकडे या परंपरेचा कल किती मोठा होता हे ध्यानात येते. उलट महाभारताच्या वनपर्वात यात्रेची थोरवी वेगळ्याच कारणासाठी सांगितली आहे: यज्ञाला विपुल सामग्री लागत असल्याने तो राजांना व धनिकांनाच साधतो, यात्रा मात्र दरिद्री माणसालाही घडते. पहिल्या विचारात कष्ट महत्त्वाचे आहेत, दुसऱ्यात वाट सर्वांना खुली असणे. रेल्वेने गावाबाहेर जाऊन दिवसभर पायी हिंडणे आणि संध्याकाळी परतणे या साध्या गोष्टीचा विचार करू लागले की हे दोन्ही विचार समोरासमोर येतात.

मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा या विचाराला विशेष सोयीचा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडे अडीच फूट रुंदीची छोटी लाइन टाकली. आज तेथे ब्रॉडगेज आहे, आणि गोंदिया ते बालाघाट हे सुमारे चाळीस किलोमीटरचे अंतर थोड्या पैशांत कापता येते. दक्षिणेला हट्टा रोडकडे सपाट धानपट्टा आहे, पश्चिमेला कटंगीच्या फाट्यावर वारासिवनी आहे, उत्तरेला लामटा आले की सातपुड्याचे रान जवळ येते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर-भंडारा एका राज्यात आणि बालाघाट दुसऱ्या राज्यात राहिले, तरी वैनगंगेच्या दोन्ही अंगांना बांधी, धुरा, बोडी हे शब्द तसेच टिकले. बांधी म्हणजे धानाचा बांधलेला तुकडा, धुरा म्हणजे त्याचा बांध, आणि बोडी म्हणजे लहान तळे.

खुद्द ‘बालाघाट’ या नावाचा अर्थ घाटांच्या वरचा मुलूख असा आहे. मैदानातल्या गावाला, ज्याचे जुने नाव बुऱ्हा होते, ते वरच्या पठाराकडून मिळाले. मराठीत डोंगर ओलांडण्याची जागा घाट आणि नदीत उतरण्याची पायरीही घाटच. ‘तीर्थ’ हा शब्द तरून जाणे या अर्थाच्या ‘तॄ’ धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ पाण्यात उतरण्याची, पलीकडे जाण्याची जागा असाच आहे. म्हणजे मूर्ती आणि मंदिर यांच्याआधी तीर्थात ओलांडणे आहे, आणि ते करणाऱ्याचे पाय आहेत.

तरीही तीर्थयात्रेला ठिकाण लागते. ठिकाणाविना चालण्याचा विचार मराठीत सर्वांत निग्रहाने केला तो तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांनी. महानुभाव आचारात ‘अटन’ आणि ‘विजन’ असे दोन शब्द येतात: अटन म्हणजे कोठेही मुक्कामाची आसक्ती न धरता हिंडत राहणे, विजन म्हणजे निर्जन जागी स्मरणात बसणे. गाव ओळखीचे झाले की माणसे आपली होतात, माणसे आपली झाली की ‘माझे’ उभे राहते, म्हणून पाय थांबू द्यायचे नाहीत, असा या आचाराचा आशय आहे. पण याच पंथाने पुढे ‘स्थानपोथी’ रचली, आणि चक्रधर कोठे बसले, ते स्थान गावाच्या कोणत्या दिशेला, देवळाचे दार कोणीकडे, हे विलक्षण काळजीने नोंदवले. अनासक्तीने हिंडलेल्या पुरुषाच्या पाऊलखुणाच वंदनीय झाल्या. यात कोणी ढोंग पाहू नये. ज्याच्यावर प्रेम आहे तो जेथून गेला ती माती प्रिय होणे मानवी आहे, आणि त्या नोंदींमुळेच तेराव्या शतकातला महाराष्ट्र गावागणिक डोळ्यांपुढे उभा राहतो. तेव्हा अटन आणि स्थान यांतला ताण मिटणारा नाही, आणि तो मिटवण्याची गरजही नाही.

एका दिवसाच्या पायपिटीला अटन म्हणावे, तर मोठा आक्षेप परतीच्या तिकिटाचा आहे. अटन करणाऱ्याने आसरा सोडलेला असतो. या माणसाचे घर, जेवण आणि झोप निश्चित आहे. हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्यच केला पाहिजे: हे वैराग्य नव्हे. हा गृहस्थाचा आचार आहे, आणि गृहस्थाच्या आचाराला मर्यादा असणे स्वाभाविक आहे. त्याला संन्यासाचे नाव दिले तर दोन्हींचा अपमान होतो. शिवाय चालणाऱ्याच्या पायांखाली दुसऱ्याचे श्रम असतात. जैन साधू वाहन वर्ज्य मानून विहार करतात, पण जीवहिंसा टळावी म्हणून चातुर्मासात एके ठिकाणी राहतात. रोवणीच्या दिवसांत ओला धुरा पावलाखाली खचला तर बांधीतले पाणी निघून जाते, म्हणून गृहस्थानेही त्या दिवसांत शेतातली वाट सोडून सडकेने जावे हे त्याच विवेकाचे लहान रूप आहे.

मात्र ज्या गाडीमुळे परतीच्या तिकिटाचा आक्षेप उभा राहतो, तीच गाडी चालणाऱ्याकडून काहीतरी मागूनही घेते. वारासिवनीला उतरून चंदन नदीकाठच्या रामपायलीच्या राममंदिराकडे निघालेला माणूस वाटेत एखाद्या बोडीवर पाणकावळे पाहत रमला, मोहाच्या सावलीत कोणा म्हाताऱ्याशी बोलत बसला, की दुपार कलते, देऊळ अजून तासाभराच्या चालीवर असते, आणि परतीच्या गाडीसाठी मागे वळावे लागते. शास्त्राच्या हिशेबात दर्शनाविना परतलेल्याच्या पदरी फारसे काही पडत नाही. अटनाच्या दृष्टीने त्याचे काही राहिलेलेच नसते, कारण बोडी, सावली आणि तो म्हातारा हे वाटेतले अडथळे नव्हते. यांतल्या कोणत्या दृष्टीने तो मागे वळतो, हे त्याला बहुधा स्थानकाच्या बाकावर, गाडी यायला वीस मिनिटे असताना कळते.