क्रांतीला जाब कोणी विचारायचा?

जुलमी राजाविरुद्धचे बंड समजायला सोपे असते. क्रांतीतून आलेल्या सरकारविरुद्ध कोणी उभे राहिले, की प्रश्न अवघड होतो. जे सरकार गोरगरिबांच्या नावाने आले, त्याला जाब विचारणारा गोरगरिबांचाच वैरी, असे सरकार म्हणते. पुष्कळ भली माणसेही ते खरे मानतात.

रशियातील पेट्रोग्राडजवळ क्रोनश्टाट हा आरमारी तळ आहे. १९१७ साली तिथल्या खलाशांचा ट्रॉट्स्कीने क्रांतीचे भूषण म्हणून गौरव केला होता. १९२१च्या हिवाळ्यात शहरातील पावाचे रेशन घटले, कामगार संपावर गेले आणि हे खलाशी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या ठरावात १५ मागण्या होत्या. सोव्हिएतांच्या निवडणुका गुप्त मतदानाने पुन्हा घ्या, कामगार-शेतकऱ्यांना बोलू द्या, समाजवादी कैद्यांना सोडा, रेशन सर्वांना सारखे द्या. झारला परत आणा, असे त्यात कुठेही नव्हते.

सरकारचीही एक बाजू होती. यादवी युद्ध नुकतेच सरत होते, देश उपाशी होता, आणि बर्फ वितळताच परकी आरमार त्या किल्ल्याला भिडेल ही धास्ती निराधार नव्हती. पण ऐकून घ्यायला बर्फ वितळेपर्यंत तरी अवधी होता! एमा गोल्डमन आणि अलेक्झांडर बर्कमन या अराज्यवाद्यांनी मध्यस्थीची तयारीही दाखवली. ती कोणी मनावर घेतली नाही. तुखाचेव्हस्कीच्या हुकमाखालील फौज गोठलेल्या समुद्रावरून चालून गेली आणि १८ मार्चला बंड संपले. २,०००हून अधिक जणांना मृत्युदंड सुनावला गेला. हजारो फिनलंडला पळाले.

त्याच दिवसांत भरलेल्या पक्षाच्या दहाव्या अधिवेशनाने शेतकऱ्यांकडील सक्तीची धान्यवसुली थांबवून तिच्या जागी कर आणला, आणि पक्षांतर्गत गटांवर बंदीही घातली. म्हणजे पोटाची तक्रार रास्त ठरली; तक्रार करण्याचा हक्क तेवढा गेला.

बाकुनिनने हा धोका १८७३ सालीच सांगून ठेवला होता: सत्तेवर बसलेला कामगार कामगार राहत नाही, तो वरून खाली पाहू लागतो. अराज्यवाद्यांचा राज्यसंस्थाच नको हा आग्रह आपल्याला पटो न पटो, हा इशारा मात्र विसरता येत नाही.

शत्रूला ओळखणे कोणत्याही हुकूमतीला जमते. कालचा सोबती जुनेच वचन घेऊन दारात उभा राहिला, तर त्याचे ऐकून घेतले जाते का? क्रांतीचा इन्साफ तिथे जोखावा.