साठ पत्ते, एक नदी

आधी सगळे पत्ते सतरंजीवर ओता आणि थोडा वेळ त्यांना हात लावू नका. पोकेमॉनचे असतील, धाकट्या भावाचे उरलेले, मित्राने कंटाळून दिलेले, कधीतरी वाढदिवसाला आलेल्या पाकिटांतले. त्यांतून साठ निवडायचे आहेत. स्पर्धेसाठी नाही. रविवारी दुपारी कुणी घरी येईल, त्याच्याबरोबर दोन-तीन डाव व्हावेत, एवढ्यासाठी. नवे काही विकत घ्यायचे नाही असे आज धरून चाला. फार तर पुढे एखादा पत्ता.

आता पत्त्यांच्या कोपऱ्यातली बारीक खूण पाहा. गोल असेल तर पत्ता साधा, चौकट असेल तर जरा कमी मिळणारा, चांदणी असेल तर दुर्मीळ. तुमच्यासमोर गोल खुणा सर्वांत जास्त असतील. त्यांच्याकडे कमीपणाने पाहू नका. गंजिफा हा जुना पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्यांनी साध्या आणि महाग पत्त्यांचा हा प्रश्न कधीच सोडवला होता. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. हा खेळ दख्खनेत रुजला तेव्हा दरबारात हस्तिदंताचे आणि कासवाच्या पाठीचे पत्ते रंगले आणि बाजारात चिंध्यांचे, कागदाचे. एकाला दरबार कलम म्हणत, दुसऱ्याला बाजार कलम. नियम दोन्हींचे तेच. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला गेलात तर गंजिफाची गोल पाने आजही राजवाड्यात रंगवली जाताना दिसतात. ही कला विझत आली असताना शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली, म्हणून ती राहिली.

दशावतारी गंजिफा हा एका विषयावर रचलेला पूर्ण डेकच आहे. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, एकूण एकशेवीस. राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दशीपर्यंत दहा. दिवसा रामाच्या राजाने उतारी, रात्री कृष्णाच्या. ज्याने हा नियम केला त्याच्या लेखी विषय केवळ चित्रापुरता नव्हता, तो खेळात उतरला होता. हे लक्षात ठेवा. आपल्या साठ पत्त्यांतही तेच साधायचे आहे.

विषय कोणता? साताऱ्यात किंवा सांगलीत राहत असाल तर दूर जायला नको. कृष्णा घ्या. डोळे मिटून तिच्या बाजूने चाला. महाबळेश्वरला ती उगम पावते, वाईच्या घाटावरून जाते, संगम माहुलीला वेण्णा येऊन मिळते. कऱ्हाडला कोयना समोरासमोर येते, प्रीतिसंगम होतो. मग सपाट रान, ऊस, हळद. पुढे औदुंबर, ब्रह्मनाळजवळ येरळा, सांगली, आणि हरिपूरला वारणा. चालताना घाई करू नका. कुठे थांबावेसे वाटले ते मनात धरा. पत्ते तिथूनच निवडायचे आहेत.

आता डोळे उघडून पाण्याचे पत्ते वेगळे काढा. टोटोडाइल नावाचे छोटे मगरीचे पिल्लू असेल तर ते आधी. सांगलीकराला कारण सांगावे लागत नाही. भिलवडीपासून खाली नदीकाठी मगर दिसल्याची बातमी दरवर्षी येतेच. ते पिल्लू वाढून क्रोकोनॉ होते आणि शेवटी फेरालिगेटर. दुसरा मॅजिकार्प, पाण्याबाहेर नुसता तडफडणारा मासा, ज्याचा पुढे ग्याराडोस होतो. आणि पावसाळ्यात सगळा काठ ज्यांच्या आवाजाने भरतो त्या बेडकांसाठी पॉलिवॅग. बस. या तिघांवर डेक उभा राहतो. एखादा देखणा, जबरदस्त पत्ता हातात येईल, विजेचा किंवा आगीचा. तो नदीवर कुठे भेटला का, एवढेच विचारा आणि बाजूला ठेवा. पैसे कमी असले की काही पत्ते आपोआप गळतात, विषय पक्का असला की आणखी काही. उरतात ते मग खरोखर तुमचे असतात.

इथे थोडे गणित लागते, तेही सावकाश करू. सुरुवातीला हातात सात पत्ते येतात. त्यांत एकतरी बेसिक, म्हणजे थेट मांडता येणारा, पोकेमॉन हवा, नाहीतर हात दाखवून पुन्हा पिसावे लागते. साठांत आठच बेसिक ठेवलेत तर तीनपैकी साधारण एका डावात ही वेळ येईल. बारा ठेवलेत तर पाचांतून एकदा. म्हणून टोटोडाइल, मॅजिकार्प आणि पॉलिवॅग प्रत्येकी चार, कारण साधी एनर्जी सोडली तर एका नावाचे चारच चालतात. चार प्रती असलेला पत्ता पहिल्या हातात दहांपैकी चार वेळा दिसतो. एकच प्रत असेल तर आठ-नऊ डावांतून एकदा. शिवाय सहा पत्ते बक्षिसांत उपडे ठेवले जातात. एकुलता पत्ता दहांतून एकदा तिथेच अडकून पडतो. क्रोकोनॉ, फेरालिगेटर, ग्याराडोस असे वाढलेले मोठे पत्ते कमी ठेवा, तीन-दोन पुरतात. एनर्जी चौदाच्या आसपास. बाकी ट्रेनर, त्यांतही नवे पत्ते ओढून देणारे आधी, कारण साधा डेक फसतो तो ताकद कमी म्हणून नव्हे, हातात काही येत नाही म्हणून.

दुकानात सोनेरी प्लास्टिकचे पत्ते मिळतात, स्वस्त आणि चकचकीत. मुलांना ते आवडतात, आणि त्यात वाईट काही नाही. पण ते या डेकमध्ये घालू नका. पाठ वेगळी असल्याने उपडा पत्ताही ओळखू येतो आणि आकडे कुणीतरी मनाने छापलेले असतात. त्यापेक्षा हवा असलेल्या पत्त्याचे नाव नि आकडे कागदावर स्वच्छ लिहा, कव्हरमध्ये साध्या पत्त्यापुढे सरकवा आणि समोरच्याला तसे सांगा. घरच्या डावात एवढे पुष्कळ.

आता जरा जास्त वेळ थांबा. तुमच्या ढिगात क्योगर असू शकेल. पोकेमॉनच्या कथेत हा समुद्र वाढवतो, मुसळधार पाऊस आणतो. कृष्णेच्या डेकमध्ये तो घालावा का?

एका बाजूने पाहिले तर घालायलाच हवा. पूर वगळून कृष्णा सांगता येत नाही. सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना आयर्विन पुलाची पातळी विचारतात, किती फूट झाले म्हणून. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २००५ ला पाणी आले, २०१९ च्या ऑगस्टमध्ये धोक्याच्या रेषेच्या कितीतरी वर गेले, घरांचे पहिले मजले बुडाले, माणसे होड्यांतून बाहेर काढावी लागली. नदीवर डेक करायचा आणि त्यात फक्त घाट, मासे आणि बेडूक ठेवायचे, हे मला अपुरे वाटते.

पण समोर कोण बसणार आहे, याचा विचार करा. तो कदाचित सांगलीतल्या एखाद्या बुडालेल्या गल्लीतला असेल. त्याच्या वह्या, आईचे शिलाई मशीन, भिंतीवरचे फोटो त्या पाण्यात गेलेले असतील. तुम्ही क्योगर टाकून हसत हसत म्हणालात, पूर आला, तर त्याला काय वाटेल? स्पर्धेत हा प्रश्न पडत नाही. घरच्या डावात तोच सर्वांत मोठा प्रश्न आहे, कारण डेक जितका आपला तितकाच समोर बसणाऱ्याचा. तो पत्ता बाहेर ठेवा असे मी सांगत नाही. एक श्वास घ्या, त्या माणसाचा चेहरा आठवा, आणि ठरवा. ठेवलात तर एकच ठेवा. आणि तो हातात आला तर थट्टा न करता खाली मांडा.

मला विचाराल तर मी तो ठेवतो, पण आलेल्याला आधी सांगतो की यात पूर आहे, चालेल ना? बहुतेक जण चालेल म्हणतात. कुणी म्हणतो, मला दे तो डेक. ते मला फार आवडते.

यावरून पुढची गोष्ट सुचते. उरलेल्या ढिगाकडे परत वळा. हिरवे गवताचे पत्ते आहेत, दगडधोंड्यांचे आहेत. तो वरचा भाग, सातारा. कासच्या पठारावरची सप्टेंबरातली फुले, अजिंक्यताऱ्याचा कातळ, कोयनेचे रान. त्यांचाही साठांचा डेक करा. पहिला सांगलीचा, हा साताऱ्याचा. बेसिक इथेही बारा, चांदण्या मोजक्याच. दोन्ही मांडून प्रत्येक पत्त्याच्या तळाशी लिहिलेली कमजोरी पाहा, कारण कमजोरी लागली की मार दुप्पट बसतो. एक डेक दुसऱ्याला सहज चिरडत असेल तर त्यातले दोन-चार पत्ते बदला. इथे जोर काढून घ्यायला लाजू नका. दोन्ही बाजूंनी शेवटच्या बक्षिसापर्यंत अटीतटीने चालेल असा डाव रचणे हे एकट्याने जिंकणारा डेक रचण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे, आणि त्याला एकही महाग पत्ता लागत नाही.

पाहुणा आला की दोन्ही डेक पुढे करा. आधी त्याने निवडायचा. तुम्ही पिसा, त्याला कापू द्या. पहिला डाव संपला की डेकची अदलाबदल करा. तुम्ही इतक्या मनाने रचलेली मगर आता त्याच्या हातात असेल आणि तुमच्या अंगावर येईल. ती तिथून कशी दिसते ते नीट पाहा. कुठला पत्ता त्याने दोनदा वाचला, कुठे तो अडला, कशावर त्याचे डोळे चमकले, ते वहीत टिपून ठेवा. पुढच्या रविवारी बदल तिथे करायचे आहेत.